नजर, उतारा, मारबत : गावातली राखण कशी चालते आणि कुठे अडते

विदर्भातल्या कुठल्याही गावात शिरा, राखणीच्या खुणा शोधाव्या लागत नाहीत. वावराच्या धुऱ्यावर चुन्याचे डोळे काढलेलं काळं मडकं. ट्रॅक्टरच्या मागे लोंबणारी जुनी चप्पल. दुकानाच्या दारात लिंबू-मिरची, लेकराच्या गालावर तीट, म्हशीच्या गळ्यात कवडी ओवलेला काळा दोरा, बांधकामाच्या पिलरवर राक्षसाचा मुखवटा. हे सगळं एकाच प्रकारचं काम करतं असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येकाचं काम वेगळं आहे. ते नीट कळलं की कोणती राखण निरुपद्रवी, कोणती खरोखर कामाची आणि कोणती जीव घेणारी हे ओळखता येतं.

काही उपाय नजर दुसरीकडे वळवतात. काळं मडकं, तीट, मुखवटा हे सगळे याच जातीचे. बघणाऱ्याचा डोळा आधी त्या कुरूप वस्तूवर पडावा आणि पिकावरून, लेकरावरून, घरावरून सरकून जावा, ही त्यामागची समजूत. काही उपाय येणाऱ्याला दारातच तृप्त करून परत पाठवतात. लिंबू-मिरचीमागची कल्पना अशी की अक्काबाईला, म्हणजे अलक्ष्मीला, आंबट-तिखट आवडतं. ते दारातच मिळालं की ती उंबरठा ओलांडत नाही. काही उपाय हद्द बांधतात. आणि काही उपाय घरात किंवा अंगात शिरलेलं काढून गावाबाहेर नेऊन टाकतात, त्याला आपण उतारा म्हणतो.

मडक्याबद्दल एक गोष्ट शेतकऱ्याने लक्षात ठेवावी. नजरेचं सोडा, बुजगावणं म्हणून त्याचा उपयोग होतो, पण थोडे दिवस. माकडं, रोही (नीलगाय) आणि रानडुकरं हलत नसलेल्या वस्तूला लवकर सरावतात. तेच मडकं त्याच खुंटावर पूर्ण हंगाम ठेवलं तर माकड त्यावर बसून तूर सोलतं. दर तीन-चार दिवसांनी जागा बदला, खाली वाऱ्याने फडफडणारी जुनी साडी किंवा चकाकती पट्टी बांधा, तर धाक जरा जास्त टिकतो. रानडुकरावर मात्र डोळ्याच्या धाकाचा फारसा भरवसा धरू नये. ते येतं रात्री, आणि चालतं नाकाच्या भरवशावर.

लिंबू-मिरची बांधायची रीत ठरलेली आहे. डाग नसलेलं एक पिवळं लिंबू, देठासकट सात हिरव्या मिरच्या, दुहेरी काळा सुती दोरा, जाड सुई. खाली कोळशाचा तुकडा किंवा बिबा, त्यावर लिंबू, त्यावर मिरच्या. शनिवारी जुनं काढायचं आणि नवं लावायचं. मिरची पोटातून टोचली की सडते, म्हणून जाणती बाई देठाच्या बुडातून सुई काढते. लिंबू मधोमध टोचलं की रस गळून तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी धरते. पावसाळ्यात ते काळं पडतं आणि मे महिन्यात अकोल्या-चंद्रपूरच्या ४५ अंशांत दोन दिवसांत कडक वाळतं. 'लवकर काळं पडलं म्हणजे नजर जबर होती' हा निष्कर्ष हवेच्या ओलाव्यावरून निघालेला आहे. हल्ली मोबाइलवर फिरणारं 'शास्त्रीय कारण', म्हणजे सुती दोरा लिंबातलं सी जीवनसत्त्व शोषून हवेत सोडतो आणि किडे पळतात, हेही खरं नाही. सी जीवनसत्त्व वाफ होऊन हवेत जात नाही. श्रद्धेला खोट्या विज्ञानाचा टेकू लावण्यापेक्षा श्रद्धा म्हणून सांगितलेली बरी.

दृष्ट काढताना नेमकं काय होतं

पद्धत घरोघरी थोडी वेगळी, पण सांगाडा एकच. दोन्ही मुठींत जाडं मीठ, चिमूटभर मोहरी आणि देठासकट पाच किंवा सात वाळल्या लाल मिरच्या. काही घरांत फड्याच्या, म्हणजे झाडूच्या, काड्या, चौकातली माती, लेकराच्या डोक्यावरचा एखादा केसही घेतात. लेकराला पूर्वेकडे तोंड करून बसवायचं. मुठी एकमेकींवरून आडव्या फिरवत डोक्यापासून पायापर्यंत उतरवायच्या, तीन, पाच किंवा सात वेळा. आल्या-गेल्याची, घरच्या-दारच्याची, पाप्याची, वाटसराची, कोणाचीही दृष्ट लागली असेल तर जळून जावो, असं पुटपुटायचं. मग मागे न पाहता सगळं चुलीतल्या निखाऱ्यावर टाकायचं आणि हातपाय धुऊन घरात यायचं.

आता निखाऱ्यावरचं वाचन. ठसका लागला नाही तर 'दृष्ट होती, बघा, मिरचीचा वासही नाही'. तडतड झाली तर 'किती जबर होती'. मोहरीचा दाणा तडतडतो कारण आतल्या ओलाव्याची वाफ होऊन साल फुटतं. जाडं मीठ फुटतं तेही खड्यात अडकलेल्या पाण्यामुळेच. मिरचीचं गणित आगीवर अवलंबून आहे. मंद निखाऱ्यावर ती धुमसते, तिखट धुरातून नाका-घशात जातं आणि अख्खं घर खोकतं. भडकलेल्या जाळात तीच मिरची चटकन जळून जाते आणि ठसका कमी लागतो. मिरची दोन वर्षांची जुनी असेल किंवा धुराडं नीट ओढत असेल तरी तेच. तुरटी उतरवून निखाऱ्यावर टाकतात तिचाही हाच प्रकार. तुरटीच्या वजनात ४५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तापल्यावर ती त्या पाण्यातच विरघळते, फुगते, वेडावाकडा गोळा होतो. त्यात बाईचं तोंड दिसलं की 'अमक्या बाईची नजर' असं नाव निघतं. इथेच थांबायला हवं. का ते पुढे येईलच.

मग लेकरू शांत का होतं? त्यालाही कारण आहे. किरकिरणाऱ्या बाळाभोवती दहा माणसं गलका करत असतात. दृष्ट काढायची म्हटलं की गलका थांबतो, आई मांडी घालून त्याला जवळ घेते, आजी एका लयीत पुटपुटते, कोणी बोलत नाही. शिवाय पोटदुखीची कळ थोड्या वेळाने आपोआप ओसरतेच. दृष्ट काढण्यात वाया काहीच जात नाही, पाच मिनिटं आणि मूठभर मीठ. फक्त मिरचीचा धूर बाळाच्या नाकात जाऊ देऊ नका. दमेकरी माणूस किंवा सर्दीने छाती भरलेलं लेकरू असेल तर निखारे बाहेर अंगणात न्या.

गोठ्यातली नजर तर अधिक बोलकी आहे. 'पाहुणा म्हशीजवळ उभा राहिला आणि म्हशीने दूध चढवलं' ही तक्रार पुष्कळदा अगदी खरी असते. म्हैस पान्हा सोडते ती ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकामुळे. अनोळखी माणूस, भुंकणारं कुत्रं, नवा दूध काढणारा यांना जनावर बिचकलं की ती क्रिया अडते आणि दूध वरच राहतं. म्हणजे निरीक्षण बरोबर, फक्त दोष डोळ्यात नसून जनावराच्या भीतीत आहे. पाहुण्याला बाहेर न्या, कास कोमट पाण्याने पुसा, नेहमीच्या माणसाला बसवा, पान्हा उतरतो. पण दोन वेळा उतरला नाही तर पहिल्या चार धारा काळ्या कापडावर काढून बघा. त्यात दह्यासारख्या गुठळ्या, पाणी किंवा रक्त दिसलं, सड गरम आणि टणक लागला, तर तो दगडी रोग आहे, म्हणजे कासदाह. कवडीच्या दोऱ्यावर दोन-तीन दिवस काढले तर तो सड कायमचा बसू शकतो. पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवा.

लेकराच्या बाबतीतही अशीच रेघ ओढता येते. दृष्ट लागल्याची म्हणून सांगितली जाणारी लक्षणं, दूध न ओढणं, उलटी, ताप, मलूल पडणं, हीच आजाराचीही लक्षणं आहेत. बाळ अंगावर अजिबात पीत नसेल, झटका आला असेल, हाक मारून जागं होत नसेल तर दृष्ट काढत बसू नका. श्वास मोजायला शिका, ही विद्या प्रत्येक घरात हवी. बाळ शांत असताना पोटाकडे पाहून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल तर न्यूमोनियाचा संशय धरायचा. पोट उडतं, बरगडी आत ओढली जाते, त्याला बऱ्याच गावांत डब्बा म्हणतात. त्यावर औषध आहे आणि ते वेळेत मिळालं तर लेकरू वाचतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून हे मोजायला शिकवलं आणि तिथली बालमृत्यूची संख्या खाली आली. हगवण असेल तर ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर लेकराला अपाय होतो, म्हणून चव घ्या : अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

अंगावर बांधलेलं

बिब्याबद्दल जास्त सांगावं लागेल, कारण तो विदर्भाच्या जंगलातलाच आहे आणि इजाही पुष्कळ करतो. बाळंतिणीच्या खोलीत, पाळण्याला, बाळाच्या दोऱ्यात बिबा बांधतात. त्याच्या सालीत काळं, चिकट, जाळणारं तेल असतं. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला तेच वापरत, ते धुऊनही जात नाही. बिब्याला दोरा ओवण्यासाठी भोक पाडलं की हे तेल बाहेर येतं. बाळाच्या घामाने दोरा ओला होतो, तेल कातडीला लागतं आणि एक-दोन दिवसांत पुरळ, फोड, सूज. बोटाने ते डोळ्यापर्यंतही जातं. हा 'बिबा उतणं' प्रकार काही माणसांना नुसत्या धुरानेही होतो. परंपरा सोडायची नसेल तर बिबा पाळण्याच्या बाहेरच्या खुराला बांधा, बाळाच्या हातापासून लांब. फोड आलेच तर साबण-पाण्याने हलक्या हाताने धुवा, खोबरेल तेल लावा आणि डोळ्याजवळ किंवा मोठ्या भागावर असेल तर दवाखाना गाठा.

दोऱ्याचं भय वेगळं. गळ्यातला गंडा झोपेत पाळण्याच्या कडीला अडकून गळफास बसू शकतो. तान्ह्या बाळाच्या गळ्यात काहीच नको, मनगटात किंवा कमरेला बांधा. करदोडा बांधताना दोन बोटं सहज सरकली पाहिजेत, आणि दर महिन्याला तो सोडून परत बांधा, कारण लेकरू वाढतं पण दोरा वाढत नाही. काळे मणी, गजगा, छोटे ताईत दोऱ्यातून सुटून तोंडात जातात. ओढून पहा, सैल असतील तर काढा. काजळाची तीट गालावर, कपाळावर, तळपायाला लावली तर काही बिघडत नाही. डोळ्यात बोट घालून काजळ भरू नये. बोटावरचे जंतू आणि काजळी दोन्ही आत जातात, आणि बाजारातल्या काही सुरम्यांत शिसं असतं.

डंबा मात्र सरळ इजा आहे. मेळघाटात तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या सळईने पोटावर चटके देण्याची रीत होती, अजूनही अशा बातम्या येतात. हे चटके देणारा भूमका हा कोरकू आदिवासींच्या गावातला उपचार करणारा, मानाचा माणूस. तो वाईट हेतूने चटके देत नाही. त्याच्या समजुतीत तो रोग बाहेर काढत असतो. पण तान्ह्याची कातडी पातळ, त्यात जखमेतून जंतू शिरले की पोटफुगीपेक्षा रक्तातला संसर्ग आधी जीव घेतो. चटक्याच्या वेदनेने बाळ रडून दमतं आणि निपचित पडतं, त्यालाच 'आराम पडला' समजलं जातं. मेळघाटात आरोग्य विभागाने भूमकांना दूर न सारता, पेशंट दवाखान्यात पाठवण्यासाठी बरोबर घेण्याचा प्रयत्न केला. ही वाट मला शहाणपणाची वाटते. त्याचा मान राहतो आणि लेकरू वेळेवर पोचतं.

हद्द बांधणं आणि बाहेर टाकणं

आषाढ अमावस्येला, म्हणजे जिवतीला, पूर्व विदर्भातल्या गावांत लोहार घरोघरी येऊन दाराच्या चौकटीत खिळा ठोकतो, ढिवर घरच्यांच्या डोक्यावरून मासळीचं जाळं टाकतो आणि त्याबद्दल त्यांना दाणे किंवा पैसे मिळतात. लोखंड आणि जाळं दोन्ही अडवणारी वस्तू. रोवणीचे दिवस, पाऊस लागलेला, विहिरी गढूळ, आजारांचा हंगाम तोंडावर, अशा वेळी अख्ख्या गावाने दार बांधून घ्यायचं, अशी ती कल्पना. गावातल्या प्रत्येक कारागिराचा त्यात वाटा असतो आणि कोणाच्याही विरुद्ध काही नसतं. ही गोष्ट मला मोलाची वाटते.

पोळ्याला तेच पुढे जातं. सायंकाळी दारापुढे पळसाच्या फांद्या, मेढे, उभ्या करतात. दुसऱ्या दिवशी पहाटे, करीच्या दिवशी, त्या उपटून 'ईडा-पीडा, रोगराई, माशा-मोंगसे घेऊन जा गे मारबत' असं ओरडत पोरं गावाच्या शिवेवर नेऊन टाकतात. नागपुरात याचीच मोठी मिरवणूक होते. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणारे बाईचे मोठे पुतळे, १८८० च्या दशकापासून निघतात, सोबत त्या त्या वर्षाच्या जुलमावर बोट ठेवणारे बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात, आणि शेवटी सगळ्यांचं दहन होतं. मोंगसे म्हणजे डास. भाद्रपदाच्या तोंडावर, डबकी भरलेली असताना, डासांना गावाबाहेर घालवायची हाक देणं यात हंगामाचं भान पक्कं आहे. त्याच सकाळी गावाने टाकीतलं, टायरमधलं, कूलरमधलं साचलेलं पाणी उपडं केलं तर हाकेला हात मिळेल. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस घेतो, म्हणून हे काम दर आठवड्याला करायचं. गावाबाहेर नुसत्या फांद्या गेल्या तर मोंगसे टाकीतच राहतात.

काही गावांत मातामाय या गावदेवीच्या पूजेनंतर गाव बांधतात. पुजारी शिवेवरून फिरतो, त्या दिवशी बाहेरचा आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. पटकी आणि देवीच्या साथींच्या काळात या एका दिवसाच्या बंदीचा थोडा फायदा होतही असेल. त्याउलट मरीआईचा गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायची रीत होती. त्यात रोग गेला असं वाटायचं, पण दोन गावांत भांडण पेटायचं, आणि गाड्यासोबत चालणाऱ्या माणसांतून साथही पुढे सरकू शकायची. बाहेर टाकलेलं कोणाच्या तरी दारात पडतं, हा उताऱ्याचा मूळ दोष आहे. चौकात टाकलेला भात, नारळ, कापलेलं लिंबू दिसलं की दुसऱ्याच्या घरात भीती शिरते. तुमच्या दारात असा उतारा पडलेला दिसला तर फड्याने गोळा करा, सुई-टाचणी टोचलेली असेल तर चिमट्याने उचला, आणि खड्ड्यात पुरा. त्यात इजा करण्याजोगं एवढीच सुई असते.

साप चावल्यावर

इथे वेळ हेच औषध आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्याकडे माणसं मारणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणसला विदर्भात परड म्हणतात. बाकी बहुतेक साप बिनविषारी. आणि विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असं नाही, त्याला कोरडा चावा म्हणतात. म्हणजे मंत्र टाकणाऱ्याकडे येणारे बरेच लोक मुळातच वाचणार असतात. ते वाचले की नाव मंत्राचं होतं. जे दगावतात त्यांच्याबद्दल 'फार उशिरा आणला', 'वाटेत मागे पाहिलं' असं सांगितलं जातं. शंभर जणांत मंत्र टाकणारा सहज यशस्वी दिसतो, आणि त्याचा स्वतःचाही त्यावर प्रामाणिक विश्वास बसतो.

कडुनिंबाचा पाला चावायला देऊन 'कडू लागला का?' विचारतात. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर चढलं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते, चव नीट कळत नाही. उलट मण्यारीचं विष चढत असतानाही कडूपणा कळू शकतो, आणि मग 'काही नाही, झोपव' असं ठरतं. याहून वाईट म्हणजे मण्यार आणि नागाच्या विषाने गिळणं अडतं. तोंडात पाला, मिरची, औषधी काढा गेला तर तो श्वासनलिकेत उतरतो.

मण्यारीची गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत जवळपास नाही, दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, पापण्या जड होऊन उघडत नाहीत. घरचे म्हणतात, बाहेरचं काही लागलं. पावसाळ्यात रात्री खाली झोपलेला माणूस सकाळी पापण्या उघडू शकत नसेल तर सापच समजा आणि निघा.

करायचं एवढंच. माणसाला चालू देऊ नका, धीर द्या. अंगठी, कडं, जोडवं, घट्ट दोरा काढा, कारण सूज आली की तेच मांस कापतं. चावलेला हात-पाय लाकडी पट्टीने स्थिर ठेवा. घट्ट आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, तिथे चिरा दिला तर वाहणं थांबत नाही. आवळलेली दोरी अचानक सोडली तर साचलेलं विष एकदम वर जातं, म्हणून कोणी बांधलीच असेल तर दवाखान्यातच सोडू द्या. साप मारायला, पकडायला थांबू नका. चावल्याची वेळ कागदावर लिहा. १०८ ला फोन करा, गाडी यायला उशीर असेल तर मोटारसायकलवर मधे बसवून मागून एकाने धरा.

ग्रामीण रुग्णालयात २० मिनिटांची रक्ताची चाचणी होते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त न हलवता २० मिनिटं ठेवतात आणि तिरपं करतात. गोठलं नसेल तर विष चढलंय. प्रतिविष साधारणपणे १० कुप्यांपासून सुरू होतं आणि सलाइनमधून सुमारे तासाभरात दिलं जातं. लक्षणं नसली तरी २४ तास तिथेच थांबायचं.

घरातले मोठे मंत्र टाकणाऱ्या जाणत्याशिवाय हलायला तयार नसतील तर भांडणात वेळ घालवू नका. जाणत्यालाच गाडीत बसवा, मंत्र वाटेत म्हणू द्या. पुष्कळदा एवढ्याने वाद मिटतो.

कुत्रं चावलं तरी हाच नियम. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा, चुना-मिरची-हळद भरू नका, आणि लस त्याच दिवशी सुरू करा. पुढची इंजेक्शनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रेबीज एकदा उठला की कोणताच उपाय राहत नाही, आणि तो उठायला महिनेही लागू शकतात. 'मंत्राने बरा झाला' हा भ्रम त्या महिन्यांतच पिकतो.

नाव घेतलं जातं तेव्हा

आतापर्यंतच्या उपायांत दृष्ट 'कोणाचीही' होती. करणीत ती एकाची होते. एका ठराविक बाईने, भावकीतल्या माणसाने केलंय असं जो सांगतो, तो राखण करत नाही, वैर पेरतो.

विदर्भात यामागे कधी कधी सिकलसेल हा रक्ताचा आजार असतो. घरातली दोन-तीन पोरं वारंवार आजारी, हातापायाची बोटं सुजतात, सांधे असह्य दुखतात, डोळे पिवळे, रक्त कमी. शेजारच्या घरात काही नाही. मग 'घराण्यावर केलंय' हे अगदी पटतं. आजार खरोखरच घराण्यातून येतो, पण रक्तातून. आई-बाप दोघेही वाहक असले, स्वतः ठणठणीत असले, तरी प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी नावाची रक्ताची चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या चाचणीने नक्की होतं. लग्नाआधी दोघांची चाचणी करून घेणं ही पुढच्या पिढीची सर्वांत खरी राखण आहे.

भोंदूच्या हातातल्या वस्तूही समजून घ्या. लिंबातून 'रक्त' निघतं ते सुरीमुळे : जास्वंदीचं फूल पात्यावर चोळून वाळवलं की लिंबाच्या आंबटाने रस लाल होतो. हळदीवर चुन्याचं पाणी पडलं तरी लालच. नारळ 'आपोआप' पेटतो तो शेंडीत लपवलेल्या सोडियमच्या तुकड्यावर पाणी शिंपडल्यावर. सोडियम घरी हाताळू नका, डोळे जातात. लिंबू-जास्वंदीचा प्रयोग मात्र गावच्या शाळेत मुलांना करून दाखवण्याजोगा आहे.

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. शिक्षा किमान सहा महिने, कमाल सात वर्षं आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. एखाद्याला करणी करणारा, चेटकीण ठरवून त्रास देणं, भूत उतरवण्यासाठी मारहाण किंवा चटके, साप-कुत्रं-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडादोऱ्यावर ठेवणं, हे सगळं त्यात येतं. घरात दृष्ट काढणं, पूजा, व्रत, वारी, ज्याने कोणाच्या शरीराला वा खिशाला इजा होत नाही, त्याला कायदा हात लावत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात जादूटोण्याच्या संशयावरून माणसं जाळून मारल्याच्या घटना या दशकातही घडल्या आहेत. म्हणून गावात कोणाचं नाव कुजबुजलं जाऊ लागलं की बैठक भरण्याआधी हालचाल करा. त्या घरच्यांना रात्री एकटं ठेवू नका, पोलीस पाटलाला कळवा, जमाव जमत असेल तर ११२ लावा. तक्रार जवळच्या ठाण्यात द्या. कायद्याप्रमाणे पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमलेला असतो, त्याच्या नावे लेखी अर्ज द्या. अर्जात तारीख, वेळ, ठिकाण, कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत, हजर असलेल्यांची नावं आणि किती पैसे घेतले ते लिहा. मोबाइलमधलं रेकॉर्डिंग, ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद, दिलेला ताईत किंवा बाटली न उघडता जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका.